रिकाम्या खुर्चीचा वाटा

गाणं लिहून झालं की नेव्हा टॅकेट गाण्यांच्या हक्कांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीत फोन करायची, आणि फोन उचलणारी शेल्बी दर वेळी एकच प्रश्न विचारायची, "खोलीत किती जण होतात, मिस नेव्हा?"

यात भोचकपणा काही नाही. नॅशव्हिलमध्ये, अमेरिकेच्या या गाण्यांच्या गावात, गाण्याची मालकी याच प्रश्नावर ठरते. गाणं जन्माला आलं तेव्हा खोलीत जेवढी माणसं बसली होती तेवढे त्याचे वाटे पडतात, आणि सगळे सारखे. कुणी किती ओळी दिल्या, कुणी नुसती मान डोलावली, कुणी मध्येच कॉफी आणायला उठलं, हे मोजायचं नाही. मोजणाऱ्याबरोबर परत कोणी बसत नाही. मग ते गाणं रेडिओवर वाजो, बारमध्ये वाजो, कुणाच्या लग्नात वाजो, त्याची रॉयल्टी त्याच वाट्यांनी घरोघर जाते. लिहिणारा मेला तरी जाते, त्याच्या बायकामुलांकडे.

नेव्हाचं उत्तर शेल्बीच्याही आधीपासून, चाळीसेक वर्षं ठरलेलं होतं. "दोघं. मी आणि हॉइट."

हॉइट बर्डीन वारला, त्याला पुरून आले, थडग्यावरची फुलं वाळून उडून गेली, तरी तिचं उत्तर बदललं नाही.

नेव्हा मूळची केंटकीची, कोळशाच्या खाणींच्या डोंगरांतली. बाप खाणीत, आई चर्चमध्ये गाणारी, आणि ही दोघांचा हट्टीपणा घेऊन जन्मलेली. विशीत गिटार उचलून नॅशव्हिलला आली तेव्हा आपल्याएवढं चांगलं गाणं जगात कोणी लिहीत नाही अशी तिची खात्री होती. सकाळी एका हॉटेलात बिस्किटं, म्हणजे गरम मऊ पाव, आणि पांढरी ग्रेव्ही वाढायची आणि उरलेला दिवस कंपन्यांचे उंबरठे झिजवायची. शेवटी कुणीतरी तिला हॉइटबरोबर लिहायला बसवलं.

पहिल्या बैठकीला ती आख्खं गाणं तयार करूनच गेली होती. हॉइटने ते डोळे मिटून ऐकलं. खुर्चीत दोनदा मागेपुढे डुलला आणि म्हणाला, "दुसऱ्या कडव्यात नदी आहे ना, तिथं ओढा कर. नदीत बुडणारा मोठा माणूस वाटतो. ओढ्यात बुडणाऱ्याची खरी कीव येते." बस, एवढंच. आणि अर्धं गाणं त्याच्या नावावर!

नेव्हाच्या अंगाचा तिळपापड झाला. "एका शब्दाला निम्मं गाणं? हा माणूस आहे का दरोडेखोर?" असं तिने हॉटेलातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. दुसऱ्या दिवशी गेली ती भांडायच्या तयारीने. बघते तर हॉइट पुरं गाणं घेऊन बसलेला. तिला सुचवायला त्यात जागाच नव्हती, म्हणून ती तोंड फुगवून खिडकीबाहेर बघत राहिली. गाणं झाल्यावर हॉइटने कंपनीला फोन लावून "दोघं होतो" म्हणून सांगितलं आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "शेवट बदलला मी. तुझं ते फुगलेलं तोंड बघून सुचला." त्या दिवसानंतर नेव्हाने कधी ओळी मोजल्या नाहीत.

या सगळ्या कंपन्या जिथे होत्या त्या गाण्यांच्या गल्लीत एका जुन्या घराची मागची खोली त्यांनी भाड्याने घेतली. सकाळी दहाला बसायचं, दुपारी पाचला उठायचं. खोलीत खुर्च्या दोनच. नेव्हाची सरळ पाठीची, आणि हॉइटची डुलती, त्याच्या बापाची. हॉइटला पाठीचं दुखणं होतं, दुसरीकडे त्याला बसवायचं नाही. ती खुर्ची कुरकुरायची, पण वेडीवाकडी नाही. गाण्याच्या तालाची टाळी पडायच्या जरा अलीकडे, दर वेळी त्याच जागी. गालात पुदिन्याच्या वासाचा तंबाखू, पायाशी थुंकायला डबा. जाताना जाळीचं दार आपटू नये म्हणून तो ते टाचेने अडवून धरायचा आणि हळूच सोडायचा.

लोक काहीबाही बोलायचे. तसं त्यांच्यात काही नव्हतं. पाच वाजले की हॉइट घरी, ड्रेमाकडे, आपल्या बायकोकडे. तिथे बेसिनपाशी हात धुताना अडलेलं गाणं गुणगुणत राहायचा आणि सकाळी येऊन पुन्हा त्यालाच भिडायचा. एकही गाणं त्याने जन्मात अर्ध्यावर टाकलं नाही. मित्र थट्टेने म्हणायचे की या माणसाला स्वर्गात बोलावणं आलं तरी हा म्हणेल, जरा थांबा, शेवटची ओळ राहिलीय.

तसंच झालं. शरद ऋतूतली सकाळ होती. खाणीतून पाळी संपवून घरी निघालेल्या माणसाचं गाणं चाललं होतं. दर कडव्यानंतर तो बायकोला सांगतो, "ओसरीवरचा दिवा मालवू नकोस, मी येतोच आहे." गाणं झालंच होतं, फक्त शेवटची ओळ उरली होती. दिवा, दिवा करून काय करायचं शेवटी? हॉइटने एक बोट वर केलं. "थांब," तो म्हणाला, "सापडली." आणि त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. पुढे एक शब्द फुटला नाही. दवाखान्यात काही दिवस पडून होता, आणि नर्सनी कितीदा खाली केलं तरी ते बोट पुन्हा वर यायचं.

नेव्हाची आजी म्हणायची, घरात माणूस गेला की घड्याळ थांबवावं, आरशावर चादर टाकावी आणि त्याची खुर्ची पालथी घालावी, म्हणजे बसायला जागा नाही हे त्याला कळतं. ड्रेमाने आपल्या घरी हे सगळं रीतीने केलं. नेव्हा तिच्याकडे काचेच्या भांड्यात कोंबडी आणि भात घेऊन गेली, भांडं परत यावं म्हणून बुडाला चिकटपट्टीवर नाव लावून, जसं आपण सगळे मयताच्या घरी नेतो. गल्लीतल्या खोलीतली खुर्ची मात्र कुणाच्या ध्यानात आली नाही. नेव्हाच्या आली होती. तिने ती पालथी घातली नाही.

मग एका सकाळी दहाला ती खोलीत गेली. एकटीच. गिटार मांडीवर घेतली, उगाच तारा छेडल्या. खिडकी बंद होती, बाहेर वारा नव्हता, उन्हाचा पट्टा जमिनीवर पडला होता. समोरची खुर्ची कुरकुरली. टाळीच्या जरा अलीकडे.

बोटं तारांवर चिकटली. खुर्ची थांबली. बोटं हलली, खुर्ची हलली. मग पुदिन्याचा वास आला, इतका जवळून की कुणीतरी तोंड उघडून काही बोलणार आहे असं वाटावं. भीती वाटली का? वाटली. पण हॉइट पडल्यापासून तिला एकही ओळ सुचली नव्हती, आणि आता अचानक सुचली, आणि ती तिची नव्हती. ती ओढ्याची ओळ होती. मोठं सोडून लहान धरणारी.

दुपारपर्यंत गाणं पुरं झालं. तिने फोन केला.

"खोलीत किती जण होतात, मिस नेव्हा?"

"दोघं."

"मिस नेव्हा, हॉइट तर..."

"ओळी त्याच्या आहेत, पोरी. लिही." आणि हे तर खरंच होतं.

शेल्बीला वाटलं, त्याच्या जुन्या ओळी शिल्लक असतील. गल्लीला वाटलं, म्हातारी विधवेला मदत करतेय, मान राखून. सगळ्यांनी तिची तोंडभर स्तुती केली, आणि नेव्हा ती निमूट ऐकून घ्यायची.

त्यानंतर गाण्यांचा लोंढाच लागला. गेल्या कित्येक वर्षांत जी जमली नव्हती तशी गाणी. नेव्हा खोलीत फोनवर कच्चं रेकॉर्डिंग करून स्टुडिओला पाठवायची. तिथला रेकॉर्डिंगवाला एकदा म्हणाला, "बाई, हे मागे काय वाजतंय? कुरकुर?"

"खुर्ची आहे. काढून टाक."

"काढली हो. दोनदा काढली. परत येतेय. आणि तालात येतेय, म्हणून आता राहू दिलीय." लोकांना ती कुरकुर फार आवडली. पुढे कुण्या बड्या गायकाच्या माणसाने निरोप धाडला की आमच्या साहेबांचंही नाव गाण्याला लावा, एक वाटा आम्हाला. नेव्हा फोनवरच फिसकन हसली. "कुठल्या खुर्चीवर बसले होते तुमचे साहेब? आमच्याकडे दोनच आहेत, आणि दोन्ही भरलेल्या." त्या माणसाने पुन्हा फोन केला नाही.

ओसरीच्या दिव्याच्या गाण्याला मात्र ती शिवत नव्हती. कधी बोटं चुकून त्या सुरावर गेली की खुर्ची एकदम जोरात डुलू लागायची, आणि नेव्हा घाईने सूर बदलायची, नाहीतर कॉफीला उठायची. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ते गाणं उरलंय म्हणून हा येतोय. ते संपलं की हा गेला.

वर्ष सरत आलं तशी खुर्ची जड झाली. ताल कधी न चुकवणारी ती कुरकुर आता मागे पडायची, धापा टाकल्यासारखी. ओळी तुटक यायच्या, अर्ध्यात विरायच्या. "चल रे, एवढं कडवं झालं की थांबू," नेव्हा म्हणायची. कडवं झालं की पुढचं धरायची. पाच वाजून गेले तरी दिवे लावून बसायची.

आणि एका सकाळी ड्रेमा दारात उभी राहिली, हातात ते काचेचं भांडं. बुटकी, रुंद, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई. इतक्या वर्षांत त्या खोलीत तिने पाऊल ठेवलं नव्हतं.

"तुझं भांडं," ती म्हणाली. "द्यायचं राहूनच गेलं."

"अगं, त्याची काय घाई होती? ये, बस ना."

"कुठं बसू? एकच खुर्ची रिकामी दिसतेय, आणि ती रिकामी नाही."

"तुला दिसतो तो?"

"दिसायला कशाला पाहिजे? जन्मभर त्याचे शर्ट धुतलेत मी. तो वास मला कळणार नाही?" ड्रेमाने भांडं खिडकीत ठेवलं आणि गिटारच्या पेटीवर टेकली. "घरी येतो रोज. जेवणाच्या वेळेला जाळीचं दार उघडतं, आपटत नाही. बेसिनपाशी उभा राहतो. मी ताट मांडते, हसू नकोस. बीन्स, मक्याचा पाव, ताक. हात लावत नाही. एकच तुकडा गुणगुणतो, एका जागी अडतो, की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभर, नेव्हा. वर्षभर ओसरीचा दिवा चालू ठेवलाय मी, मालवायला हात धजत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सांगितलंस मला?"

नेव्हाने गिटार भिंतीला टेकवली.

"दमलाय गं तो," ड्रेमा म्हणाली. "परवा बेसिनला धरून उभा होता. बेसिन हलत होतं त्याच्या भाराने. मेलेल्या माणसाला भार कुठून आला?"

"त्याचा वाटा मी एकदासुद्धा चुकवला नाही, ड्रेमा. हवं तर शेल्बीला विचार..."

"वाट्याचं बोलतेय का मी? त्या वाट्यावर घराचं छप्पर नवं झालं, माझे नवे दात बसले. हक्काचं आहे, मला कळतं. पण मेलेल्याला कामाला जुंपून आलेला घास माझ्या घशाखाली उतरत नाही. जिवंत होता तेव्हा पाचला सोडायचीस त्याला. आता सोडतच नाहीस."

"मी बोलवत नाही त्याला! तोच येतो."

"का येतो ते तुला ठाऊक आहे."

नेव्हा ताडकन उभी राहिली. आवाज चढला. "आणि माझं काय? तुझ्याकडे घर आहे, अंगण आहे, बहिणी आहेत, चर्च आहे. माझ्याकडे ही एक खोली. तो गेला की मी काय करू इथे, भिंतीशी बोलू?"

"मी बोलते की. ताटाशी बोलते." ड्रेमाचा आवाज चढला नाही. "त्याचे सगळे दिवस तुला मिळाले, नेव्हा. मला उरलेला मिळायचा, संध्याकाळचा, पेंगुळलेला. मी कधी कुरकुरले? आता तो कुणाकडेच नको. त्याला झोपू दे."

नेव्हा खाली बसली. समोरची खुर्ची एकदा, मोठ्या कष्टाने, मागे गेली आणि पुढे आली. ड्रेमाने ते पाहिलं. तिने डोळे मिटले आणि गुणगुणायला लागली. आवाज भसाडा, सूर कच्चा. पण शेवटच्या ओळीची चाल होती ती, नेव्हाने कधीच न ऐकलेली. हॉइटने बोट वर केलं तेव्हा सापडलेली. ती वर चढायच्याऐवजी खाली येत होती, पायऱ्या उतरल्यासारखी. खुर्ची तिच्या तालात आली. ड्रेमा अडली, रोज तो अडायचा तिथेच, आणि खुर्ची पुढे झुकली ती तशीच राहिली. रिकामी खुर्ची अशी थांबत नाही.

नेव्हाला ओळ कळली. चाल ऐकल्यावर दुसरी कुठली ओळ तिथे बसणारच नव्हती. वर्षभर ती चुकवत होती ते सगळं आता तिच्या जिभेवर येऊन बसलं, आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

ड्रेमाने डोळे उघडले. "सापडली ना?"

नेव्हाने मान डोलावली.

"मग गा."

"गायले तर जाईल तो."

"हो गं बाई," ड्रेमा म्हणाली, आणि तिचा हात हातात घेतला. घेवडा निवडून आणि भांडी घासून खरखरीत झालेला ड्रेमाचा हात नेव्हाची बोटं सोडेना. तिलाही हॉइट जायला नकोच होता, हे नेव्हाला तेव्हा समजलं. समोर खुर्ची तशीच झुकलेली, वाट बघत.

नेव्हाने फोन रेकॉर्डिंगला लावला, गिटार घेतली आणि पहिल्यापासून गायली. खाण, पाळी, काळे हात, चढणीचा रस्ता. दर कडव्याला, दिवा मालवू नकोस, मी येतोच आहे. ड्रेमा मागून गुणगुणत होती, खुर्ची ताल धरून होती, पहिल्यासारखी नेमकी. शेवटच्या ओळीला नेव्हाचा आवाज फाटला, तरी तिने ती पुरी केली.

"आता मालव तो दिवा, मी पोचलो."

खुर्ची खाली दबली, दोन्ही हातांवर जोर देऊन कुणी उठावं तशी. मग एकदम हलकी होऊन मागे गेली, दोनचार हेलकावे घेतले आणि थांबली. पुदिन्याचा वास दोघींच्या मधून गेला. जाळीचं दार उघडलं, कुणीतरी टाचेने अडवावं तसं क्षणभर अडलं, आणि आवाज न करता मिटलं.

दोघी रडल्या. ड्रेमा आधी थांबली, कारण तिला पुढचं काम दिसत होतं. "धर इकडून," ती म्हणाली. दोघींनी मिळून खुर्ची पालथी घातली. कागदासारखी हलकी निघाली.

नेव्हाने कंपनीला फोन लावला.

"खोलीत किती जण होतात?"

"तिघं. मी, हॉइट आणि ड्रेमा."

"अगं, मी नुसतं गुणगुणले," ड्रेमा मागून ओरडली.

"खोलीत होतीस ना? मग झालं. मोजायचं नसतं."

त्या संध्याकाळी ड्रेमाने ताट एकच मांडलं आणि जेवायच्या आधी ओसरीवर जाऊन दिवा मालवला. पुढे ते गाणं खूप वाजलं. खाणींच्या गावांत तर लोक मयताला म्हणू लागले. त्याच्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटच्या ओळीपर्यंत कुरकुर आहे, त्यानंतर नाही.

नेव्हा रोज दहाला खोलीत जातच राहिली. बसायची, तारा छेडायची, पालथ्या खुर्चीच्या चार पायांकडे बघायची. आठवडेच्या आठवडे कोरे गेले. मग थंडीत एकदा कसंबसं एक गाणं झालं. साधंच, नदीचं. दुसऱ्या कडव्यात तिने स्वतःच नदी खोडून ओढा केला. रेकॉर्डिंग करून ते कानाला लावलं आणि शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा लावलं, पुन्हा ऐकलं. तिच्या आवाजाशिवाय आणि गिटारशिवाय त्यात काही नव्हतं.

तिने फोन केला.

"खोलीत किती जण होतात, मिस नेव्हा?" शेल्बीने सवयीने विचारलं.

नेव्हाने पालथ्या खुर्चीच्या पायावर हात ठेवला.

"एक," नेव्हा म्हणाली. "एकच लिही, पोरी."